पाळकाचं घर आणि घराचा मालक



व्याख्यानाचा विषय मी व्याख्यानमालेच्या चिटणिसांना कळवला तेव्हा त्यात 'मिनिस्टरांची घरं' असे शब्द होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. जरा दबकत म्हणाले, "सर, राजकारण नको. मलबार हिलचे बंगले, कोण वेळेवर सोडतो, कोण सोडत नाही, यावर वर्तमानपत्रं लिहितातच." चूक माझी होती. मी ज्या मिनिस्टरांबद्दल बोलणार आहे ते स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे धर्मोपदेशक. 'मिनिस्टर' या शब्दाचा मुळातला अर्थ सेवक. आपल्याकडे तो शब्द चढत चढत मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर गेला, तिकडे गावातल्या चर्चशेजारच्या घरातच राहिला. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत त्यांना पाळक म्हणतात. मीही तेच म्हणेन. पण चिटणिसांची शंका अगदीच गैरलागू नव्हती. पदाबरोबर मिळणारं घर आणि पदाबरोबर जाणारं घर, विषय तोच आहे.

या विषयाकडे मी वळलो ते धर्मशास्त्रातून नव्हे, रेल्वेतून. वडील रेल्वेत गार्ड होते. दौंडच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौदा वर्षं काढली. आईने मागच्या अंगणात लिंबाचं झाड लावलं होतं. त्याला पहिल्यांदा भरपूर लिंबं लागली त्याच वर्षी वडील निवृत्त झाले. भांडी, गाद्या, ट्रंका टेम्पोत चढल्या. झाड चढलं नाही. घर आपलं नसतं हे आम्हां मुलांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे एडिनबर्गला काही महिने राहण्याचा योग आला आणि तिथल्या चित्रसंग्रहात जॉर्ज हार्वीचं एक चित्र पाहिलं. नाव 'क्विटिंग द मॅन्स', म्हणजे पाळकाचं कुटुंब घर सोडतं आहे आणि गावकरी भोवती उभे आहेत. मी त्या चित्रासमोर जितका वेळ उभा राहिलो तितका चित्रकलेसाठी कधी राहिलेलो नाही.

हा 'मॅन्स' शब्द लॅटिनमधून आला. मूळ धातूचा अर्थ राहणं, मुक्काम करणं. स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली १५६० साली. जॉन नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बिशपांची उतरंड मोडायला घेतली. चर्च चालवायचं ते वडिलांनी. प्रेस्बिटर या ग्रीक शब्दाचा अर्थच वडील, आणि मराठी बायबलातही तोच शब्द आहे. गावच्या मंडळीचे वडील, त्यावर प्रांताची सभा, त्यावर सिनड, सगळ्यात वर जनरल असेंब्ली. कागदावर ही मांडणी देखणी दिसते. पण सुधारणेने आणखी एक गोष्ट केली होती आणि तिचा परिणाम कागदापेक्षा लांब गेला. पाळकाला लग्न करायची मोकळीक मिळाली. ब्रह्मचारी पाद्री कुठल्याही खोलीत राहील. बायको, सात मुलं, एक गाय आणि म्हातारी आई असलेल्या माणसाला घर लागतं. नॉक्सच्या मंडळींनी १५६०च्या आपल्या आराखड्यातच पाळकाच्या विधवेचा आणि मुलांचा विचार केलेला दिसतो. मुलांना शिक्षण मिळावं, मुलींची लग्नं नीट व्हावीत, असं त्यांनी लिहून ठेवलं. पैसे कुठून येणार, हा प्रश्न मात्र उरला.

ते पैसे जमीनदारांकडून आले आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं.

गावच्या जमिनीचे मालक म्हणजे हेरिटर. १६६३ सालच्या कायद्याने या हेरिटरांवर बंधन घातलं की पाळकाला योग्य असं घर बांधून द्यायचं. खर्च हजार स्कॉट्स पौंडांच्या वर नको आणि पाचशे मर्कांच्या खाली नको. हजार पौंड ऐकून बिचकू नका. स्कॉट्स पौंड म्हणजे इंग्रजी पौंडाचा बारावा भाग, तेव्हा ही रक्कम झाली त्र्याऐंशी पौंड आणि वर थोडे शिलिंग. घराखेरीज शेत, त्याला ग्लीब म्हणत, साधारण चार एकर. एक घोडा आणि दोन गाई चरतील एवढं गवत वेगळं. आणि पगार? तो टीन्डमधून, म्हणजे गावच्या उत्पन्नाच्या दशांशातून. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला फार वेळ लागू नये. जोश्याची, गुरवाची, काझीची इनाम जमीन आणि सुगीच्या खळ्यावरचं बलुतं, हे आपण पाहिलेलं आहे. फरक एकच आणि तोच निर्णायक. आपल्याकडचं वतन बापाकडून मुलाकडे जाई. मॅन्स जात नसे. पाळक गेला की पुढच्या पाळकासाठी घर रिकामं व्हायला हवं. तो मेला असो नाहीतर निघून गेला असो.

म्हणून या घरात माणूस जन्मभर राहायचा आणि तरी पाहुणाच असायचा.

पाहुणा असला तरी त्याने घराचं सोनं केलं. १७९०च्या दशकात सर जॉन सिंक्लेअर नावाच्या उत्साही गृहस्थाने देशातल्या सगळ्या पाळकांना दीडशेहून अधिक प्रश्न पाठवले. गावात माणसं किती, बैल किती, देवी किती जणांना आल्या, मजुरी काय, मासे कुठले. उत्तरं आली आणि १७९१ ते १७९९ या काळात त्यांचे एकवीस खंड छापले गेले. 'स्टॅटिस्टिकल अकाउंट ऑफ स्कॉटलंड' असं त्याचं नाव. एका राष्ट्राचं हे आत्मचरित्र मॅन्समधल्या अभ्यासिकांत, मेणबत्तीच्या उजेडात लिहिलं गेलं. मला त्यातला मौजेचा भाग वेगळाच वाटतो. गावाचं वर्णन करता करता पाळकाची लेखणी हळूच आपल्या घराकडे वळते. मॅन्स कधी दुरुस्त झाला, ग्लीब किती एकर, हेरिटर कोण कोण. तक्रार करायची नाही, पण ओल चढते हे कळलं पाहिजे, अशी ती भाषा. सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेल्या माणसाला ती वाचताक्षणी ओळखू येते.

या घरांतून माणसंही काय निघाली! रॉबर्ट स्टर्लिंग हा पाळक. वाफेच्या बॉयलरशिवाय चालणाऱ्या इंजिनाचं पेटंट त्याने १८१६ साली घेतलं, आणि ते इंजिन आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. पण मला आज ज्यांच्याजवळ थोडं थांबायचं आहे ते हेन्री डंकन.

डंकन १७९९ साली रूथवेल या डमफ्रीसशायरमधल्या गरीब गावी पाळक म्हणून आले. गावकरी मजुरीवर जगणारे. बँका त्यांना दारात उभं करत नसत, कारण खातं उघडायलाच दहा पौंड लागत. डंकननी १८१० मध्ये सहा पेन्सांपासून पैसे ठेवता येतील अशी बचत बँक गावात काढली आणि तिथून ती कल्पना जगभर गेली. आपल्या पोस्टाच्या बचत पुस्तकाचं मूळ शोधायला निघालात तर रूथवेलच्या वाटेने जावं लागेल. दुसरी गोष्ट दगडाची. रूथवेलच्या चर्चमध्ये आठव्या शतकातला एक अप्रतिम कोरीव क्रूस होता. सतराव्या शतकात जनरल असेंब्लीने तो मूर्तिपूजेचा ठरवून फोडायला लावला. तुकडे इकडेतिकडे पडून होते. डंकननी ते गोळा केले आणि १८२३ साली मॅन्सच्या बागेत क्रूस पुन्हा उभा केला. ज्या चर्चने तो फोडला त्याच चर्चच्या पाळकाने तो जोडला, आणि जोडला तो स्वतःच्या नसलेल्या बागेत. माझ्या आईचं लिंबू आणि डंकन यांचा क्रूस यांची तुलना कुणाला धिटाईची वाटेल. मला वाटत नाही.

आता १८४३ कडे येतो. इतिहासात याला 'डिसरप्शन' म्हणतात. मी याला साधं मराठी नाव देईन: घर सोडणं.

भांडण कशाचं होतं? गावचा पाळक कुणी निवडायचा याचं. प्रेस्बिटेरियन तत्त्व सांगतं की मंडळीने निवडायचा. पण १७१२ मध्ये लंडनच्या पार्लमेंटने कायदा करून हा हक्क 'पेट्रन'ला, म्हणजे बहुतेक वेळा गावच्या बड्या जमीनदाराला, परत दिला. गावाला नको असलेला पाळक जमीनदार पाठवू शकत असे आणि पाठवत असे. शंभर वर्षं धुसफूस चालली. १८३०च्या दशकात चर्चने मंडळीला नकाराचा अधिकार दिला. न्यायालयांनी तो मोडीत काढला. आणि १८ मे १८४३ रोजी एडिनबर्गच्या जॉर्ज स्ट्रीटवरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये असेंब्ली भरली तेव्हा अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधाचं पत्र वाचलं, टेबलावर ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि ते दाराबाहेर पडले. त्यांच्यामागे टॉमस चामर्स. त्यांच्यामागे बाकीचे. उताराने खाली कॅननमिल्सच्या टॅनफील्ड हॉलपर्यंत सगळे चालत गेले आणि तिथे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडची स्थापना झाली.

बाराशेच्या आसपास पाळकांपैकी साडेचारशेहून अधिक जणांनी आपले हक्क सोडल्याच्या दस्तावर सह्या केल्या. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराने त्या प्रसंगाचं प्रचंड चित्र काढलं, तेवीस वर्षं लागली त्याला. शेकडो चेहरे आहेत त्यात. मी ते चित्र पाहतो तेव्हा मनात हिशेब सुरू होतो, की एवढ्या सह्या म्हणजे एवढी घरं. पुस्तकांत पगार सोडल्याचं लिहितात, पद सोडल्याचं लिहितात. पण चामर्सनी पगाराची तजवीज आधीच केली होती, गावोगाव आठवड्याची वर्गणी जमवून. घराची तजवीज कुणी करू शकत नव्हतं. पाळकाची बायको परसात वाटाणा लावून बसली होती. मे महिना होता तो.

हेन्री डंकन तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. चार वर्षांपूर्वीच असेंब्लीचे अध्यक्ष राहिलेले. त्यांनीही सही केली. चव्वेचाळीस वर्षांचा मॅन्स आणि बागेतला क्रूस मागे ठेवून ते निघाले. त्यांचं नवं चर्च जवळच उभं राहिलं. त्या जागेचं नाव माउंट केदार. दचकू नका, हे आपलं केदार नव्हे. बायबलातलं केदार म्हणजे तंबूत राहणारी जमात.

उत्तरेकडे, हायलँड्समध्ये, तंबूदेखील मिळेना. जमीन एकेका सरदाराची. त्याने जागा दिली नाही तर मैलोन्मैल चर्चही नाही आणि पाळकाला झोपडीही नाही. सदरलँडमधल्या टंग गावचे मॅकेन्झी पितापुत्र, दोघेही पाळक. म्हाताऱ्याने आयुष्य त्या मॅन्समध्ये काढलेलं. कुटुंबाला दूर पाठवून दोघे एका लहानशा भाड्याच्या खोलीत राहिले आणि थोड्याच काळात एकामागोमाग वारले. स्ट्रॉन्शियन गावात जमीन मिळाली नाही म्हणून मंडळीने क्लाइड नदीवर लोखंडी जहाज बांधून घेतलं आणि १८४६ मध्ये सुनार्टच्या खाडीत नांगरून त्यात उपासना सुरू केली. ऐकीव गोष्ट अशी सांगतात की लोक किती आले हे जहाज किती बुडालं त्यावरून कळे. एग बेटाचे पाळक जॉन स्वॉन्सन तर 'बेट्सी' नावाच्या लहान शिडाच्या बोटीतच राहत. बोट हाच मॅन्स. भूगर्भशास्त्रज्ञ ह्यू मिलर त्यांच्याबरोबर फिरला आणि त्याने त्या मुक्कामांवर लिहिलं. जमीन नाकारणाऱ्यांचा प्रकार इतका वाढला की १८४७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली.

इथे टॉमस गथ्री पुढे आला. एडिनबर्गचा हा उंच, बोलघेवडा पाळक गरीब मुलांच्या शाळांसाठी प्रसिद्ध आहे. पण माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम दुसरं. १८४५-४६ मध्ये त्याने वर्षभर गावोगाव फिरून मॅन्स फंड उभारला. जमलेली रक्कम एक लाख सोळा हजार पौंडांहून जास्त. लोकांना रडवून आणि हसवून पैसे काढण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. देणाऱ्यांत बडे लोक होते तसे कोळी आणि विणकरही होते. आता पाळकाच्या घराची किंमत जमीनदाराने नव्हे, तर त्याचं प्रवचन ऐकणाऱ्याने दिली.

हे कौतुक करून मी थांबलो असतो तर सोपं झालं असतं. पण मालक बदलला, भाडेकरू तोच राहिला. आता छप्पर गळलं की जमीनदाराकडे नाही, मंडळीच्या पंचांकडे जायचं. जमीनदार वर्षातून एकदा भेटे, पंच दर रविवारी पुढच्या बाकावर बसत. पाळकीणबाईंनी पडदे नवे घेतले की त्यावर चर्चा होई. स्वातंत्र्य मिळालं ते व्यासपीठाला. स्वयंपाकघराला किती मिळालं, हे मी ठामपणे सांगायला धजणार नाही.

मुंबईचा धागा इथे जोडावा लागतो. १८२९ पासून मुंबईत असलेले जॉन विल्सन, विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं ते, १८४३ च्या सुमाराला स्कॉटलंडला गेले होते. ते फ्री चर्चबरोबर राहिले. इथे रॉबर्ट नेस्बिट आणि मरे मिचेल यांनीही तेच केलं. स्कॉटलंडमध्ये मॅन्स सुटला तशी इथे शाळेची नवी इमारत, ग्रंथ आणि उपकरणं सोडावी लागली. नव्याने जुळवाजुळव करावी लागली. त्याच वर्षी नारायण शेषाद्री या तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे तो फ्री चर्चचा पाळक झाला आणि जालन्याजवळ हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्याने बेथेल हे गाव वसवलं. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पद्मनजीही पुढे फ्री चर्चचेच पाळक. ज्या माणसांनी धर्म बदलताना वडिलोपार्जित घराचा उंबरा गमावला, त्यांना ज्या चर्चने आसरा दिला तेही नुकतंच घर गमावून बसलं होतं, हे आपल्या इतिहासकारांच्या फारसं लक्षात आलेलं नाही. कोल्हापूर-मिरजेकडची मंडळी मात्र अमेरिकन प्रेस्बिटेरियन. तो प्रवाह वेगळा, पण मिशनच्या कंपाउंडातला पाळकांचा बंगला आणि बदलीची चिठ्ठी आली की तो सोडणं, हे तिथेही तेच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. पाळक वारला तर? दुसऱ्या पाळकाची नेमणूक होईपर्यंत विधवेला जी काय सवड मिळेल ती. कायद्याने तिला पतीच्या पगाराचा सहा महिन्यांचा हिस्सा मिळे. मग मुलं घेऊन निघायचं. कुठे, हे तिचं तिने बघावं. १७४०च्या दशकात एडिनबर्गचे रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर हे दोन पाळक कागद घेऊन बसले. वेब्स्टरांच्या क्लॅरेट पिण्याच्या कथा एडिनबर्गात सांगितल्या जात, पण आकडेमोडीत त्यांचं डोकं स्वच्छ होतं. त्यांनी गावोगावच्या नोंदी मागवल्या. कोणत्याही वेळी पाळक साधारण ९३०. वर्षाला मरतात २७. त्यांतले अठरा मागे विधवा ठेवतात. गणिती कॉलिन मॅक्लॉरिनने हिशेब तपासला. त्यावर विधवा निधी उभा राहिला आणि १७४४ मध्ये त्याला पार्लमेंटची मान्यता मिळाली. मृत्यूच्या सरासरीवर शास्त्रशुद्ध उभारलेला जगातला हा अगदी पहिल्या निधींपैकी एक. आज प्रत्येक विमा कंपनी ज्या गणितावर चालते त्याच्या मुळाशी एक बाई आहे, जिला घर रिकामं करायला सांगितलं गेलं. तिचं नाव कुठल्याही कोष्टकात नाही. ती १८ या आकड्यात आहे.

मॅन्सच्या मुलांबद्दल लिहायची तिकडे हौस फार. टेलिव्हिजन दाखवणारा जॉन लोगी बेअर्ड पाळकाचा मुलगा. बीबीसी उभी करणारा जॉन रीथही पाळकाचा मुलगा, आणि दोघांचं एकमेकांशी मुळीच पटलं नाही. ब्रिटनचे माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन हेही पाळकपुत्र. २०१० मध्ये ते डाउनिंग स्ट्रीटच्या दारातून बायको आणि दोन लहान मुलांसह चालत निघाले ते दृश्य टीव्हीवर पाहिलं तेव्हा मला हार्वीचं चित्रच आठवलं. मुलींची यादी इतकी लांब सापडत नाही. ती कुणी केली नाही म्हणून.

पुढचं थोडक्यात. पेट्रनचा हक्क १८७४ मध्ये रद्द झाला. ज्या कारणासाठी माणसं बोटीत राहिली ते कारण एकतीस वर्षांनी कायद्याने पुसलं. १९२५च्या कायद्याने हेरिटरांचं बंधन काढून मालमत्ता चर्चकडे सोपवायला सुरुवात झाली. १९२९ मध्ये चर्चचे मुख्य प्रवाह पुन्हा एकत्र आले आणि अनेक गावांत अचानक दोन-दोन मॅन्स शिल्लक निघाले. ते विकले गेले. आज घरांच्या जाहिरातीत 'ओल्ड मॅन्स' असं दिसलं की किंमत चढते. दगडी भिंती, उंच खिडक्या, बाग. विकत घेणाऱ्याला ओल लागत नाही, तो हीटिंग बसवतो. १९६८ पासून चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये बायकाही पाळक होतात. पण गावच्या पाळकाने मॅन्समध्येच राहायचं हा नियम त्यानंतरही राहिला, आणि निवृत्तीच्या वयात पहिल्यांदा घर शोधायला निघालेल्या पाळकांसाठी चर्चला वेगळा गृहनिधी चालवावा लागतो. अमेरिकेतल्या अनेक मंडळ्यांनी मॅन्स विकून रोख घरभत्ता सुरू केला. मला विचाराल तर त्यांनी बरं केलं. सेवकाला पाहुणा करून ठेवण्यात सेवेचा काही लाभ झालेला मला इतिहासात दिसत नाही. लाभ झाला तो घर ज्याचं त्याचा.

एक विनंती करून संपवतो. इथे जमलेल्यांत कोल्हापूर, मिरज, सांगली, जालना, पुणे इथले काही लोक आहेत. तुमच्याकडे जुन्या मंडळीच्या आवारात पाळकांचा बंगला असेल, आणि त्यात दोन-तीन बदल्यांचा काळ काढलेली एखादी पाळकीणबाई किंवा त्यांची मुलगी अजून असेल. पाळकांची प्रवचनं दप्तरात आहेत. या बायकांचं काहीही लिहून ठेवलेलं नाही. वही घेऊन जा आणि पहिला प्रश्न हा विचारा, की ते घर सोडताना अंगणात काय मागे राहिलं.

रूथवेलचा क्रूस १८८७ साली मॅन्सच्या बागेतून उचलून चर्चच्या आत नेला. तो इतका उंच आहे की त्यासाठी जमीन खणून खड्डा करावा लागला. आजही तिथेच आहे.